गळक्या छपराचा हिशेब
(भाडेकरूंच्या एका सभेत केलेले भाषण)



'घरमालक दुरुस्ती करीत नाही, काय करावे?' असा विषय आपण मला दिला आहे. कायद्याचे उत्तर सरळ आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम १४ अन्वये, करारात उलट काही ठरलेले नसल्यास, जागा राहण्यायोग्य राखणे मालकावर बंधनकारक आहे. त्याने कसूर केल्यास भाडेकरूंनी, एकट्याने वा मिळून, नोटीस द्यावी. किमान पंधरा दिवसांची वाजवी मुदत उलटल्यावर स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापून घ्यावा. मात्र एका वर्षातील ही कपात वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये.

मी जन्मभर अर्थशास्त्र शिकविले. म्हणून या 'एक चतुर्थांशा'चा हिशेब मांडून पाहू. जुन्या चाळीतले भाडे महिना ३०० रुपये धरा. वर्षाचे ३,६०० झाले; त्याचा चौथा हिस्सा ९००. एवढ्यात गवंड्याची एका दिवसाची मजुरी जेमतेम भागेल, सिमेंट-रेती वेगळीच. वीस बिऱ्हाडे एकत्र आली तर १८,००० होतील. त्यात जिन्याचा कठडा होईल, सडलेली तुळई बदलून होणार नाही. म्हणजे ज्याचे भाडे कमी, त्याचा दुरुस्तीचा हक्कही तोकडा!

याचे मूळ इतिहासात आहे. १९४७ च्या कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. त्यामुळे कष्टकऱ्यांच्या डोक्यावरचे छप्पर टिकले, हे मी कधीही नाकारणार नाही. परंतु भाडे गोठविले म्हणून सागवानाचा भाव गोठत नाही. ही तफावत कोणी भरायची, हा प्रश्न पुढे ढकलला गेला आणि इमारत उभी राहण्यापेक्षा पडण्यातच मालकाला लाभ दिसू लागला. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ दिली. पण मूळ रक्कमच क्षुल्लक असता त्या वाढीने काय साधणार?

मुंबई शहरापुरते एक शहाणपणाचे पाऊल १९६९ साली पडले. १९,६४२ जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. पुढे ते १९७६ च्या म्हाडा कायद्याखाली आले. निवारा ही समाजाची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. अंमलबजावणी मात्र तत्त्वाच्या फार मागे राहिली. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे मृत्युमुखी पडली. आणि पुण्यातील वाड्यांना किंवा उपनगरांतील चाळींना तर असे मंडळही नाही.

मग कायदा निरुपयोगी समजावा काय? मुळीच नव्हे. १९७८ साली आमच्या चाळीतल्या संडासाचे छप्पर आम्ही वर्गणी काढून दुरुस्त केले. भाडे वसूल करणाऱ्या मेहत्याशी भांडण झाले ते सारे तोंडी. नोटीस नाही, पावती नाही. मालकाने एक पैसाही वजा करू दिला नाही. तेव्हा नोटीस लेखी व सामुदायिक द्या, फोटो घ्या, पावत्या जपा. मालकाने पाणी वा जिन्यातला दिवा तोडला तर कलम २९ खाली न्यायालयात दाद मागा. इमारत धोकादायक ठरून पाडावी लागली, तरी तेवढ्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आहे. म्हणून जागा सोडण्यापूर्वी क्षेत्रफळ मोजून लिहून घ्या. पण जीव धोक्यात घालून आत बसू नका.

आणखी एक. 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहणारी आपली मुले या कलमाच्या भाषेत भाडेकरूच नाहीत. त्यांचे गळके छप्पर केवळ कराराच्या कागदावर अवलंबून आहे. तेव्हा दोन मागण्या आपण एकत्र मांडल्या पाहिजेत : दुरुस्ती मंडळे राज्यातील सर्व शहरांत हवीत, आणि दुरुस्तीचा हक्क भाड्याच्या रकमेवर नव्हे, घराच्या गरजेवर ठरला पाहिजे. पावसाळा कुणाचे भाडे किती हे विचारून येत नाही.