खंदकाच्या आत आलेला खजिना

मी आज सियालदह स्टेशनाबाहेर उभा आहे. समोरचा हा गजबजलेला रस्ता म्हणजे जुना सर्क्युलर रोड. याच रेषेवर १७४२ मध्ये कलकत्त्याच्या रक्षणासाठी खंदक खणायला घेतला. त्याचं नावच 'मराठा डिच'. भीती होती नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजेची. भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून आले होते. त्या स्वाऱ्यांत इथली गावं लुटली गेली, हेही आपण मान्य करायला हवं. बंगाली अंगाईत 'बर्गी' अजून येतात ते उगाच नाही.

फौज कलकत्त्यात शिरली नाही. खंदक अर्धवट राहिला. १७९९ मध्ये तो बुजवून हा रस्ता झाला.

भोसल्यांचं वैभव मात्र या रेषेच्या आत आलं, पेट्यांमध्ये बंद होऊन. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले. औरस वारस नाही म्हणून डलहौसीने राज्य खालसा केलं. राजवाड्याचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर कवडीमोलाने विकले. सामान हलवलंत तर वाडा पेटवून देईन, असं वृद्ध बाकाबाईंनी बजावलं. तरी सामान हललं, आणि बहुतेक जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला आलं.

रशियात झारांचा उन्हाळी महाल आहे, त्सारस्कोये सेलोला. तिथलं तृणमण्यांनी मढवलेलं दालन, अंबर रूम, १९४१ मध्ये जर्मन सैन्याने उतरवून नेलं. १९४५ नंतर त्याचा पत्ता नाही. रशियनांनी जुन्या फोटोंवरून ते पुन्हा घडवलं आणि २००३ मध्ये खुलं केलं. तिथे निदान युद्ध चालू होतं. नागपुरात गोळी न झाडता, कागदोपत्री सगळं गेलं.

फौजेत चार्ज देताना मेसमधला चमचासुद्धा मोजून द्यावा लागतो. एक कमी भरला तर जाब विचारतात. एका राजघराण्याचे दागिने गेले, त्याचा जाब आपण कधी विचारला?

२०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून रघूजी भोसल्यांची तलवार परत मिळवली. आनंद आहे. पण एकेक वस्तू लिलावात दिसेपर्यंत वाट पाहणं पुरेसं नाही. नागपूर, कलकत्ता, लंडन इथली दफ्तरं चाळून आधी यादी करायला हवी. काय गेलं हेच ठाऊक नसेल, तर समोर आलं तरी ओळखणार कसं?

जय हिंद.