पहिला तास कोणाचा?

(एकलहरे येथे कामगार कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणावरून)



मी कंत्राटी कामगारांच्या वेतनावर बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आज मी एका औषधाविषयी बोलणार आहे. नाव थोडे अवघड आहे: ट्रॅनेक्झामिक ॲसिड. आपल्या घरातील स्त्रियांना ते कदाचित आपल्याआधी ठाऊक असेल, कारण पाळीतील अतिरक्तस्रावावर डॉक्टर याच्या गोळ्या देत आले आहेत.

औष्णिक वीज केंद्राच्या छायेत राहणाऱ्यांना अपघात म्हणजे काय हे मी सांगावयास नको. माणूस कोळशाच्या पट्ट्यात सापडतो, परांचीवरून कोसळतो, सिन्नरच्या वसाहतीतून परतताना पुणे रस्त्यावर ट्रकखाली येतो. त्यांतील कितीतरी जण इस्पितळाच्या दारापर्यंत पोचण्याआधीच रक्त वाहून जाऊन दगावतात.

शरीर आपली जखम आपणच बुजवू पाहते. रक्त साकळते, फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे विणले जाते. परंतु मोठ्या दुखापतीत हे जाळे विरघळवणारे प्लाझ्मिन नावाचे द्रव्य शरीरातच अवेळी मोकाट सुटते आणि विणलेले उसवत जाते. हे औषध त्याला आवर घालते. ते नवे रक्त देत नाही, तुटलेली रोहिणी शिवत नाही. जाळे टिकवते, एवढेच.

ते शोधले जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने. महायुद्धानंतरच्या टंचाईत त्यांनी संशोधनासाठी रक्त हा विषय निवडला, तो अशासाठी की पैसे संपले तर स्वतःचे रक्त वापरता येईल! १९६२ साली त्यांनी हे औषध जगापुढे ठेवले. बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या स्त्रिया वाचाव्यात ही उताकोबाईंची तळमळ होती, पण तेथील प्रसूतितज्ज्ञांनी त्यांचे ऐकले नाही. त्या औषधाची मोठी परीक्षा व्हायला अर्धे शतक लागले. ज्यात मोठा नफा नाही अशा औषधाच्या वाट्याला हे दुर्लक्ष येते, हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

ही परीक्षा २०१० साली प्रसिद्ध झाली. ४० देशांतील २७४ रुग्णालयांतले २०,२११ जखमी त्यात होते आणि भारतातील रुग्णालयांचाही त्यात सहभाग होता. मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आले. हा फरक आपल्याला थोडा वाटेल. पण पुढच्या वर्षी त्याच आकड्यांची वेळेनुसार छाननी झाली, तेव्हा खरी गोष्ट दिसली. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. तीन तासांपर्यंत लाभ होता, पण कमी. तीन तासांनंतर मात्र औषधाने मृत्यू घटण्याऐवजी वाढले. त्यानंतर, २०१८ च्या एका अभ्यासात, दर पंधरा मिनिटांच्या विलंबाने लाभ सुमारे दहा टक्क्यांनी घटतो असे आढळले.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जर्मनीत रुग्णवाहिकेतच हे औषध देऊन पाहिले गेले. २०२३ च्या त्या निष्कर्षांत पहिल्या महिन्यातले मृत्यू कमी दिसले, परंतु सहा महिन्यांनी धडधाकटपणे जगणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. तेव्हा ही संजीवनी नव्हे. शल्यचिकित्सक आणि रक्तपेढी यांची जागा ती घेत नाही.

तरीही प्रश्न उरतो. घड्याळ जखम झाल्या क्षणी सुरू होते, इस्पितळाच्या दारात नव्हे. मग हे स्वस्त इंजेक्शन जखमीने गाठायचे, की त्याने जखमीला गाठायचे?

१९९२ साली बंगालमध्ये गाडीतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी इस्पितळांनी परत पाठवले. त्याच्या संघटनेने दावा लढवला आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तातडीचे उपचार हे शासनाचे कर्तव्य ठरवले. पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात दुखापतीनंतरच्या एका तासाला 'सुवर्ण तास' म्हणून स्थान मिळाले. २०२५ साली रस्ते अपघातातील जखमींना दीड लाख रुपयांपर्यंत रोखरहित उपचारांची योजना आली. चांगले झाले. पण परांचीवरून पडलेला मजूर तिच्यात बसत नाही. आणि बिल भरण्याची सोय झाली म्हणून वाटेतला तास परत येत नाही.

महाराष्ट्रात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, ती गाडीत डॉक्टर ठेवून. म्हणजे सुई टोचणारा हात वाटेवर आहे. पहिली मात्रा एक ग्रॅमची, शिरेतून दहा मिनिटांत द्यावयाची. तिला शस्त्रक्रियागृह लागत नाही. (हे डॉक्टरांचेच काम आहे. आपल्यापैकी कोणी उत्साहाच्या भरात सुई हाती घेऊ नये!) पाचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात रुग्णवाहिका कक्ष असलाच पाहिजे, असे १९४८ च्या कारखाना कायद्याने लिहिले होते. २०२० च्या संहितेतही ती तरतूद आहे. त्या पाचशेत कंत्राटी कामगारही मोजले जातात, हे व्यवस्थापनांना आठवण करून द्यावे लागते.

तेव्हा माझी सूचना अशी. शाखेने दोघांना पाठवून जवळच्या १०८ च्या गाडीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि कारखान्यांच्या कक्षांत हे इंजेक्शन आहे काय, त्याची मुदत कधी संपते आणि ते देण्याचा लेखी आदेश आहे काय, हे विचारावे. नसेल तेथे मागणीपत्र द्यावे व त्याची पोच घ्यावी. आणि अपघात झाला की आपल्यातील जो कोणी जवळ असेल त्याने जखम दाबून धरावी, घड्याळ पाहावे आणि अपघाताची वेळ चिठ्ठीवर लिहून ती जखमीबरोबर पाठवावी. तीन तास उलटले की नाही, हे डॉक्टरला त्या चिठ्ठीवरून कळेल.