केरकचरा आणि शेजारधर्म

(संगमनेर येथें ज्युबिलीनिमित्त झालेल्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं केरकचऱ्यासारखा विषय निवडलेला पाहून कित्येकांस नवल वाटेल. परंतु जुन्या करारांत ज्युबिलीचें वर्ष सांगितलें आहे तें केवळ माणसांच्या आनंदासाठीं नव्हे. त्या वर्षीं जमिनीलाही विसांवा द्यावयाचा असे. म्हणून आपल्या पायांखालच्या जमिनीचा विचार आज अप्रस्तुत होणार नाहीं.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. केर काढणें हें घराचें काम. परंतु केराची विल्हेवाट लावणें हें एका घराचें तर नव्हेच, पण एका गांवाचेंही काम नव्हे. तें शेजाऱ्यांनीं मिळून करावयाचें काम आहे. ही गोष्ट ज्यांना सक्तीनेंच शिकावी लागली, असे लोक आपल्यापासून फार दूर, महासागरांतील बेटांवर राहतात.

पॅसिफिक महासागरांत किरिबाटी नांवाचें एक लहान राष्ट्र आहे. तेथील निम्म्याहून अधिक लोक कॅथलिक आहेत. त्यांची बहुतेक बेटें म्हणजे पोंवळ्यांच्या चिंचोळ्या पट्ट्या. एका बाजूस खवळलेला समुद्र, दुसऱ्या बाजूस खाजण. पिण्याचें पाणी जमिनीखालीं थोड्याच खोलीवर असतें, त्यामुळें खड्डा खणून केर पुरावा तर तोच विहिरींत उतरावयाचा. डबे आणि बाटल्या जहाजानें येतात, परंतु परत जाण्याचें नांव घेत नाहींत. तेव्हां त्यांनीं एक युक्ति योजिली. डबा विकत घेतांना कांहीं अधिक पैसे घ्यावयाचे आणि रिकामा डबा आणून देईल त्यास त्यांतील बहुतेक पैसे परत करावयाचे. ज्या डब्याला किंमत आली, तो रस्त्यावर पडून राहत नाहीं.

परंतु गोळा झालेल्या डब्यांचें पुढें काय करावयाचें? एका बेटावरचा माल कारखान्याला पुरत नाहीं, आणि जहाजाचें भाडें तर मालाच्या किमतीहूनही जड होतें. एकट्या बेटाची बुद्धि येथें खुंटते. पॅसिफिकमधील राष्ट्रांनीं मिळून स्थापिलेली एक पर्यावरण संस्था आहे. तिचें मुख्य कार्यालय सामोआ देशांत आपिया येथें आहे. या संस्थेनें २०१८ सालीं एका जहाज कंपनीशीं करार केला. माल उतरवून रिकामे परतणारे कंटेनर असतातच. त्यांतून बेटांवरील निवडक कचरा, जेथें त्यावर योग्य प्रक्रिया होऊं शकते अशा बंदरांत, विनामूल्य पोहोंचवावयाचा. अशी सवलत मागण्याचें बळ अनेक बेटें एकत्र आल्यानें आलें.

जवळचें उदाहरण गोव्याचें आहे. कळंगुट, कांदोळी या किनाऱ्यावरील गांवांना प्रवाशांच्या गर्दीमुळें कचऱ्याचा महापूर, आणि जागा पाहावी तर हातभर. तेथें साळगांवच्या पठारावर २०१६ सालीं अनेक गांवांसाठीं मिळून एक प्रकल्प सुरू झाला. ओल्या कचऱ्यापासून वायु व वायूपासून वीज तयार होते. सुका कचरा निवडून वेगळा केला जातो. ज्या जागीं पूर्वीं उघडा ढीग कुजत पडला होता, त्याच जागीं हें काम उभें राहिलें.

आपण म्हणाल, संगमनेर कांहीं बेट नव्हे. खरें आहे, आणि हीच आपली अडचण आहे. बेटाला शिवेपलीकडे फेंकावयास जागा नसते. आपल्याला ती आहे असें वाटतें. आपलें गांव प्रवरा आणि म्हाळुंगी यांच्या संगमावर वसलेलें. ओढ्यांत टाकलेली पिशवी पहिल्याच पुरांत प्रवरेंत जाते. प्रवरा पुढें नेवासें तालुक्यांत गोदावरीस मिळते, आणि तें पाणी पैठणच्या नाथसागरांत जातें, ज्याचें पाणी छत्रपति संभाजीनगरचे लोक पितात. आपली शीव ओलांडून गेलेला केर नाहींसा होत नाहीं. तो केवळ दुसऱ्याच्या दारांत जातो.

सरकारनेंही हें ओळखलें आहे. २०१६ च्या नियमांत लहान नगरांसाठीं सामाईक भरावभूमीची तरतूद होती. ग्रामीण स्वच्छ भारत अभियानाच्या २०२० सालच्या दुसऱ्या टप्प्यांत प्रत्येक तालुक्यास प्लास्टिकवर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रासाठीं १६ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठरविलें. म्हणजे यंत्र गांवोगांवीं नको; तालुक्यास एक पुरे. परंतु यंत्राकडे माल नीट पोहोंचविणारीं माणसें हवींत, आणि ती विद्या आपणांस परकी नाहीं.

आपल्या तालुक्यांत दूध कसें गोळा होतें तें पाहा. कोणाच्या घरीं एक म्हैस, कोणाच्या घरीं दोन गाई. चार लिटर दूध घेऊन कोणी शहरांत जाऊन बसत नाहीं. तें गांवच्या संस्थेंत जातें, तेथें तपासलें जातें, मोठ्या कॅनांत भरून संघाकडे जातें. जें एकट्याला साधलें नसतें तें हजारों घरांनीं साधलें. आणि दुधाचा पहिला नियम प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे: एका नासक्या चरवीनें सारा कॅन नासतो. कचऱ्याचेंही तसेंच आहे. सुक्यांत ओलें मिसळलें कीं कागद, प्लास्टिक सर्वच मातीमोल होतें. निवड घरींच झाली पाहिजे.

आतां एक कठीण गोष्ट. कचऱ्याची जागा ठरवितांना ती बहुधा कोणाच्या वस्तीशेजारीं ठरते? ज्यांचें गाऱ्हाणें कोणी ऐकत नाहीं, त्यांच्या. असें होत असेल तर तो सहकार नव्हे; तें बळजोरीनें लादलेलें ओझें आहे. ज्या गांवानें केंद्रास जागा दिली, त्याला कारभारांत आवाज हवा. न निवडलेला कचरा परत पाठविण्याचा अधिकार हवा. आणि खर्चाचा वांटा सर्व गांवांनीं उचलला पाहिजे. तसेंच जे हात हा केर निवडतात, त्यांनाही मान हवा. पुण्यांत कागद-काच-पत्रा वेंचणाऱ्यांनीं १९९३ सालीं आपली पंचायत स्थापिली, आणि तिच्यांतूनच पुढें त्यांची स्वतःची सहकारी संस्था निघाली. ज्यांना लोक हाकलून देत, ते लोक दारावर येऊन हक्कानें कचरा आणि मोबदला घेऊं लागले.

म्हणून माझी विनंति तीन गोष्टींची आहे. घरीं ओलें व सुकें वेगळें ठेवावें. ओल्याचें खत परसांतच होतें. आपल्या सणांच्या व लग्नांच्या जेवणावळींत थर्माकोलऐवजीं पानांच्या पत्रावळी वाढाव्या. आणि ग्रामसभेंत उभें राहून शेजारच्या दोन गांवांबरोबर एक गाडी, एक गोदाम, एक हिशेब असा ठराव मांडावा. तीन गांवें जुळलीं तर चौथें आपणहून विचारावयास येईल.

शेजाऱ्यावर प्रीति करावी हें आपण लहानपणापासून शिकलों. नदीच्या खालच्या अंगाला राहणारा माणूसही आपला शेजारीच आहे, एवढें आजपासून ध्यानांत ठेवूं या.