जिवाला लागलेला घोर

(कळंबा येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



कळंब्याची एखादी शेतमजूर बाई दवाखान्यात जाते, तेव्हा आपण खिन्न आहोत असे ती म्हणत नाही. छातीत धडधडते, अन्न गोड लागत नाही, जिवाला घोर लागला आहे, असे ती सांगते. शहरातला शिकलेला माणूस तशाच अवस्थेला 'डिप्रेशन' म्हणतो. बाई अडाणी आणि तो सुजाण, हा निवाडा मात्र चुकीचा आहे.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८० साली चीनच्या हुनान प्रांतात 'मज्जातंतूंची दुर्बलता' असे निदान झालेले १०० रुग्ण तपासले. त्यांपैकी ८७ जणांना तीव्र नैराश्य होते. तक्रार मात्र डोकेदुखीची आणि निद्रानाशाची. सांस्कृतिक क्रांतीत जे सोसले ते उघड बोलणे धोक्याचे होते. दुखणारे डोके दाखवता येत होते.

आपल्याकडे सासुरवाशिणीचे तरी काय वेगळे? एरवी तिचे कोणी ऐकत नाही. अंगात देवी आली की तेच घर तिच्यापुढे हात जोडते. हे दरवेळी ढोंग नसते, दरवेळी रोगही नसतो. परंतु देवऋषी त्या दुःखाला करणीचे नाव देतो, शेजारणीकडे बोट दाखवतो, आणि सावकार व दारूडा नवरा नामानिराळे राहतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या चळवळीमुळे झालेल्या २०१३ च्या कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखालील मारहाण गुन्हा ठरली. पण देवऋषी निदान ऐकून तरी घेत होता. ती जागा कोण भरणार?

मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरतो आणि त्याच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतो. उपचार हवेतच, औषधाला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु कर्ज तसेच आणि मजुरी तेवढीच राहिली, तर ते पुनर्वसन कसले?

म्हणून कार्यकर्त्याने प्रथम त्या बाईचे, तिच्याच शब्दांत, ऐकावे. तिला डॉक्टरकडे न्यावे. आणि तिच्या घोरामागे कोणाचे देणे आहे, हेही विचारावे. ते देणे फेडण्याची लढाई तिला एकटीने लढावी लागू नये, एवढ्यासाठीच तर संघटना असते.