बंधुमंडळी आणि तिचा कज्जा

अंकलेश्वराहून बऱ्हाणपुराकडे जाणारा हमरस्ता नेत्रंग, डेडियापाडा, सागबारा ही गुजरातेतील गावे मागे टाकून महाराष्ट्राच्या हद्दीत शिरतो, तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी लागणारी बाजारपेठ म्हणजे खापर होय. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील हे गाव. हद्दीच्या अलीकडे कचेरीची भाषा मराठी, पलीकडे गुजराती. परंतु बाजारास उतरणाऱ्या भिल्ल माणसाची देहवाली बोली दोन्ही बाजूंस ऐकू येते. १ मे १९६० रोजी राज्ये निराळी झाली. सोयरिकी मात्र निराळ्या झाल्या नाहीत.

राज्यांच्या आधी ह्या मुलखाची एक वाटणी मिशनांनी आपसांत केलेली होती. एकाने जेथे ठाणे घातले तेथे दुसऱ्याने सहसा जावयाचे नाही, असा त्यांचा संकेत असे. त्याप्रमाणे नंदुरबार-नवापुराकडील खानदेश स्वीडिश अलायन्स मिशनकडे राहिला आणि अंकलेश्वर, राजपिपळा, व्यारा हा पश्चिमेकडील टापू अमेरिकेतून आलेल्या ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ ह्या पंथाकडे. त्याच पंथाची मराठी ठाणी डहाणू, पालघर व वाडा येथे होती. ब्रेदरन म्हणजे बंधू. नाव साधे आहे. पण ते पेलण्यास किती जड, हे ह्या बंधुमंडळीच्या इतिहासावरून दिसते.

पंथाचा उगम १७०८ साली जर्मनीतील श्वार्झेनाऊ ह्या खेड्यात झाला. अलेक्झांडर माक नावाचा एक गिरणीवाला व त्याचे सोबती, पाच पुरुष व तीन स्त्रिया, एडर नदीत उतरले आणि त्यांनी तीनदा बुडवून बाप्तिस्मा घेतला. त्या काळी तेथे तान्ह्या मुलास बाप्तिस्मा देण्याची सक्त रीत होती. जाणत्या वयात आपखुशीने पुन्हा बाप्तिस्मा घेणे हा राज्याचा अपराध ठरे. माकला पाण्यात बुडविणारा कोण असावा, हे आठांनी चिठ्ठी टाकून ठरविले, आणि त्याचे नाव कोणीही सांगावयाचे नाही असा निश्चय केला. पुढे कोणी त्यास संस्थापक म्हणून डोक्यावर घेऊ नये, हा हेतू. नाव आजतागायत कळलेले नाही! छळामुळे हे लोक १७१९ पासून अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात जाऊ लागले व तेथे शेतकरी म्हणून स्थिरावले. शस्त्र धरावयाचे नाही, शपथ वाहावयाची नाही आणि भावाने भावाला न्यायासनापुढे खेचावयाचे नाही, हे त्यांचे मुख्य नेम.

हिंदुस्थानात १८९४ च्या अखेरीस विल्बर स्टोव्हर, त्यांची पत्नी मेरी व बर्था रायन अशी तीन माणसे उतरली आणि पुढल्या वर्षी त्यांनी बलसाडला बिऱ्हाड थाटले. लवकरच छपन्नाचा दुष्काळ आला. १८९९-१९०० च्या त्या दुष्काळात अन्नछत्रे, अनाथाश्रम व मदतीची कामे ह्यांत मिशनचे पहिले बळ खर्ची पडले, आणि मंडळीच्या पहिल्या पिढीत ती अनाथ मुले पुष्कळ होती. डहाणूचा दवाखाना डॉक्टर बार्बारा निकी ह्या बाईंच्या नावाशी निगडित आहे. कारभाराच्या सोयीसाठी गुजराती मंडळ्यांचा ‘पहिला जिल्हा’ व मराठी मंडळ्यांचा ‘दुसरा जिल्हा’ असे दोन भाग झाले. हा जिल्हा कलेक्टराचा नव्हे, हे सांगणे न लगे.

ह्या पंथाची खरी ओळख मात्र त्याच्या प्रीतिभोजनात आहे. सायंकाळी सर्वजण जमतात. पुरुष एकीकडे, स्त्रिया एकीकडे. प्रथम पाय धुण्याचा विधी होतो. एकजण कमरेस टॉवेल बांधून शेजाऱ्याचे पाय परातीत धुतो व पुसतो, मग तो शेजारी उठून आपल्या पुढच्याचे धुतो. नंतर सर्वांचे साधे जेवण, आणि शेवटी भाकर व प्याला.

आपल्याकडे पाय धुणे नवे नाही. दारी आलेल्या पाहुण्यास पायावर पाणी देतात, लग्नात वधूचे आईबाप नवरदेवाचे पाय धुतात. परंतु त्यात कोणी कोणाचे धुवावयाचे हे ठरलेले असते, आणि ते उलटत नाही. येथे उलटणे हाच विधी. पाळकाने मजुराचे पाय धुवावेत, एका जातीतून आलेल्याने दुसऱ्या जातीतून आलेल्याचे धुवावेत, आणि मग एका पंगतीस बसावे. ख्रिस्ती झाल्याने जात आपोआप गळून पडते असे नव्हे. वधूवर पाहताना ती हळूच परत येते, हे कोणत्याही पाळकास ठाऊक असते. तरी परात पुढे सरकली म्हणजे त्या घटकेपुरता तरी माणसाला वाकावे लागते. शंभर व्याख्यानांहून ते वाकणे अधिक काम करते.

बाप्तिस्म्याच्या वेळी नव्या सभासदाकडून आणखी एक कबुली घेण्याची ह्यांची जुनी चाल आहे. भावाने अपराध केला तर प्रथम त्याजकडे एकट्याने जावे, न ऐकले तर दोघा-तिघांस न्यावे, आणि तेही व्यर्थ गेले तर मंडळीपुढे सांगावे. पायऱ्या तीन; चौथी, कोर्टाची, त्यात नाही.

आणि तरीही ती चौथी पायरी ह्या मंडळीस चढावी लागली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही संयुक्त मंडळी स्थापन झाली. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट आदींच्या सोबत ब्रेदरनही तीत गेले. हेतू थोर होता. चार घरांच्या खेड्यात ख्रिस्ती लोकांनी तीन पंथांची तीन पागोटी मिरवावी, ह्यात शोभा नव्हती. परंतु संयुक्त मंडळीत बिशप आले आणि तान्ह्या बालकांचा बाप्तिस्माही मान्य झाला. ज्या गोष्टीसाठी एडर नदीत आठजणांनी उडी घेतली, तीच आता दोहोंपैकी एक रीत म्हणून उरली. काहींना ते रुचले, काहींना सोसले, आणि गुजरातेतील काहीजण पुढे काही वर्षांनी वेगळे निघून पुन्हा ‘पहिला जिल्हा’ ह्या जुन्या नावाने उभे राहिले.

मग प्रश्न आला मंदिरांचा, जमिनींचा. ज्या छपराखाली दोघांच्या आईबापांची लग्ने लागली, ते छप्पर कोणाचे? पाय धुणारे बंधू वकिलांच्या दाराशी गेले. खालच्या कोर्टापासून चढत चढत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला व ३० सप्टेंबर २०१३ रोजी त्याचा निकाल संयुक्त मंडळीच्या विरुद्ध लागला. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे की, विलीन होण्याचा नुसता ठराव केल्याने नोंदलेली संस्था नाहीशी होत नाही व विश्वस्त निधीची मिळकत दुसऱ्याकडे जात नाही; कायद्याने विसर्जनाची जी रीत घालून दिली आहे ती पाळावी लागते.

ह्यावर धार्मिक मनुष्य नाक मुरडील, की आत्म्याच्या गोष्टीत हे सातबाराचे काय! पण तसे म्हणणे न्यायाचे नाही. विश्वस्त निधीचा कायदा हा गरीब देणगीदाराच्या चार आण्यांचा राखणदार आहे. ज्याने ज्या कामासाठी दिले त्यास न पुसता ते हलवू नये, एवढेच तो सांगतो. १९७० च्या पुढाऱ्यांचा दोष असलाच तर तो घाईचा. ऐक्याचा ठराव संमत होतो तो सभेच्या मांडवात; तो वाड्यावस्त्यांवर पोचावयास फार वेळ लागतो, आणि तेवढा वेळ कोणी दिला नाही. उलट वेगळे निघालेल्यांनीही निकाल हाती घेऊन विजयाचा डंका पिटावा असे त्यात काही नाही. तीन पायऱ्यांची कबुली दोन्ही पक्षांनी दिलेली होती.

अमेरिकेतील मूळ पंथाने मात्र ह्यात निराळा मार्ग धरला. २००३ सालच्या वार्षिक परिषदेत त्याने वेगळ्या झालेल्या ब्रेदरनांना मान्यता दिली आणि संयुक्त मंडळीशी असलेला संबंधही तोडला नाही. दोन भाऊ वेगळे झाले म्हणून आईने एकाच घरी जेवावयाचे, असे थोडेच आहे!

ह्या मुलखातील मंडळ्यांचे दैनंदिन जीवन निकालपत्रात सापडावयाचे नाही. सातपुड्याच्या दोन्ही उतारांवरची कुटुंबे दिवाळी सरली की दक्षिण गुजरातेत उसाच्या तोडीस निघतात, ती उन्हाळ्यात परततात. निम्मी मंडळी अशी सहा-सहा महिने फडावर असली म्हणजे पाळकाने प्रार्थनामंदिरात बसून भागत नाही. त्याला त्यांच्या मागे पालांपर्यंत जावे लागते. तेथे कोणाचे मूल आजारी, कोणाची उचल फिटलेली नाही, कोणी कोयत्याने हात कापून घेतलेला. तेथे मंदिर नाही, त्यामुळे त्याच्या मालकीचा तंटाही नाही. परात मात्र प्रत्येक पालात असते. सकाळी तिच्यात पीठ मळतात.