राजा झाला सूर्य

तारीख २३ फेब्रुवारी १६५३. पॅरिसच्या पेती-बूर्बों महालात ‘रात्रीचा बॅले’ रंगला होता. अखेरीस १४ वर्षांचा राजा, चौदावा लुई, उगवता सूर्य होऊन नाचला. त्या पोशाखाचं चित्र आजही जपलेलं आहे. छातीवर सोनेरी सूर्य. मनगटांवर, गुडघ्यांवर, अगदी बुटांवरसुद्धा किरणं. डोक्यावर पिसांचा उंच तुरा. मेणबत्त्यांच्या उजेडात तो किती झळाळला असेल!

त्याआधी, १६२०च्या दशकात, चित्रकार दानिएल राबेलनं बॅलेचे पोशाख रेखाटताना कल्पनेचे वारू मोकळे सोडले होते. त्यानं रेखाटलेली संगीताची परी महाकाय आहे आणि तिच्या घेरदार झग्याभोवती चक्क ल्यूट वाद्यं टांगलेली आहेत. पात्र कोण, हे पोशाखच सांगायचा. स्त्रीभूमिकाही बहुधा पुरुषच करत, मुखवटे चढवून.