काटू नका, अवयव पाडा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



छड्या, डबे आणि सहली यांच्या आठवणी माझ्याआधी बोललेल्यांनी भरपूर सांगितल्या. मी एका गणितावर बोलणार आहे. घाबरू नका, वही काढायला सांगणार नाही.

परभणीत अकरावी-बारावीला गणित शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्रिकोणमितीय समीकरणं सुरू करताना मी फळ्यावर नेहमी हेच लिहायचो: साइन २थीटा = साइन थीटा. कोन ० अंशापासून ३६० च्या आतले. नित्यसमानता लावली की डावीकडे २ साइन थीटा कॉस थीटा येतं. इथपर्यंत सगळी लेकरं नीट येतात. मग दोन्हीकडे साइन थीटा दिसतो आणि निम्मा वर्ग तो काटून मोकळा होतो. उरतं कॉस थीटा = १/२, म्हणजे ६० आणि ३०० अंश. उत्तर दिसायला सुबक, पण ० आणि १८० गेले. त्या दोन कोनांना साइन शून्य असतो, आणि काट मारणं म्हणजे त्या शून्याने भागणं.

त्यापेक्षा सगळं एका बाजूला आणायचं: साइन थीटा (२ कॉस थीटा − १) = ०. गुणाकार शून्य, तर दोघांपैकी एक तरी शून्य. चारही कोन हाती लागतात. नववी-दहावीत आपले सर वर्गसमीकरणात हेच करून घेत. चलाने भागायला निघालेल्याला ते फळ्याजवळ उभं करत. सर समोर बसलेत, म्हणून जास्त बोलत नाही.

आता दुसरं: २ कॉस वर्ग थीटा + ५ साइन थीटा = ४. यात साइन आणि कॉस दोन्ही आहेत, म्हणून कॉस वर्गाच्या जागी १ − साइन वर्ग घालायचं. आवरलं की (२ साइन थीटा − १)(साइन थीटा − २) = ० येतं. पहिल्या अवयवातून ३० आणि १५० अंश. दुसरा म्हणतो साइन २ आहे. पण साइन १ च्या वर जात नाही, म्हणून तो सोडायचा. इथेही एक उत्तर गेलंच, पण तपासून आणि कारण देऊन गेलं. मघाचं न बघता गेलं होतं.

हे तपासणं आपल्याकडे जुनं आहे. ११५० साली सिद्धान्तशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचं बीजगणितातलं एक उदाहरण पाहा. वानरांच्या कळपाचा पाचवा भाग घेतला, त्यातून ३ वजा केले आणि वर्ग केला. तेवढी वानरं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. कळप केवढा? उत्तरं दोन: ५० आणि ५. पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केले तर उणे दोन वानरं! म्हणून आचार्य ५ हे उत्तर बाजूला ठेवतात. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण इथे आहे. तो देवगिरीच्या यादवांचा काळ. आपल्याच मुलखात हे गणित मठात शिकवलं जात होतं.

माझी खरी तक्रार पुढेच आहे. दहावीपर्यंत लेकरू 'अवयव पाडा' शिकतं. अकरावी सायन्सला तेच 'फॅक्टराइझ' होतं आणि नित्यसमानतेची 'आयडेंटिटी' होते. जिंतूर, पालम, सोनपेठकडची पोरं दिवाळीपर्यंत मागच्या बाकावर गप्प बसतात. काही सायन्स सोडतात. गणित जमत नाही असं सगळे समजतात. अडलेलं असतं शब्दापाशी. दोन्ही शब्द शेजारी लिहिले की यातली बरीच पोरं पुढच्याच तासाला हात वर करतात, हे मी पाहिलंय.

देणगीचे आकडे मघाशी वाचले गेले, छान वाटलं. माझ्याकडे द्यायला वेळ आहे. शाळेने एक खोली दिली, तर दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावी सुरू होईपर्यंत आठवड्यातले दोन दिवस मी त्रिकोणमिती आणि बीजगणित दोन्ही भाषांत शिकवीन. फिजिक्स-केमिस्ट्रीला माणूस हवाय. आपल्या बॅचमध्ये निदान दोघं-तिघं आहेत, त्यांनी खाली मान घालू नये. जेवणाच्या मांडवाजवळ वही ठेवली आहे, पहिलं नाव माझं लिहिलंय.